सुटींतील मजुरी

उन्हाळ्याची सुटी म्हटली, कीं आपल्या घरांत आंबे, आजोळ आणि पत्त्यांचे डाव यांचीच आठवण निघते. अमेरिकेंतील शिकागो शहराच्या दक्षिण व पश्चिम भागांतील गरीब वस्त्यांत मात्र सुटी लागतांच आयांच्या उरांत धडकी भरते; कारण तेथील गोळीबारास ऊत येतो तो याच दिवसांत.

२०१२ सालीं त्या शहरानें एक प्रयोग केला. अशा वस्त्यांतील तेरा शाळांतून १६३४ मुलामुलींचे अर्ज आले; जागा जेमतेम सातशें. तेव्हां चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या, आणि पुढें अभ्यासकांस तुलना करतां आली ती या चिठ्ठ्यांमुळेंच. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांस आठ आठवडे, आठवड्यास २५ तासांचा कार्यक्रम आणि तासास सव्वाआठ डॉलर वेतन. कोणी सार्वजनिक बागेंत खपावें, कोणी लहानग्यांच्या शिबिरांत देखरेख करावी, कोणी नगरसेवकाच्या कचेरींत कागद लावावे. कांहीं जणांचे त्यांतले दहा तास राग आवरण्याच्या शिक्षणांत जात. शिवाय दर दहा मुलांमागें एक वडीलधारा मार्गदर्शक होता. कामावर कसें पोंचावें, तेथें कसें वागावें, अडचण आल्यास काय करावें, हें तो सांगे. माझ्या मतें खरी मजुरी ती हीच.

सारा हेलर या विदुषीनें २०१४ सालीं या प्रयोगाचा हिशेब प्रसिद्ध केला. सोळा महिन्यांत हिंसक गुन्ह्यांबद्दलच्या अटका ४३ टक्क्यांनीं घटल्या. चोरीसारख्या गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. मुलें कामांत गुंतलीं, दंगा करण्यास सवड उरली नाहीं, एवढेंच ना, असें कोणी म्हणेल. परंतु ही घट मुख्यत्वें दिसली ती काम संपून मुलें आपापल्या घरीं परतल्यावर!

व्यवहारी गृहस्थ विचारतील, "बरें, पुढें पगार वाढला का?" न्यूयॉर्क शहरांतही अशीच जुनी योजना आहे. तेथील २००५ ते २००८ या वर्षांतल्या चिठ्ठ्यांचा असाच अभ्यास झाला. पुढील वर्षांत मिळकत वाढली नाहीं. कॉलेजांत जाणारांची संख्याही वाढली नाहीं. नोकरीची शिडी म्हणून या योजनांची जाहिरात करणारांनीं हें लपवूं नये. मात्र काम मिळालेल्यांत तुरुंगांत जाणारे कमी निघाले. आणि २०१४ पर्यंतच्या मृत्युनोंदी तपासतां, चिठ्ठी न निघालेल्यांच्या मानानें त्यांच्यांतील मृत्यूंचें प्रमाण सुमारें १८ टक्क्यांनीं कमी भरलें.