गच्चीवर घडलेले विमान



मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागातील एका इमारतीच्या गच्चीवर,
कॅप्टन अमोल यादव यांनी वर्षानुवर्षे परिश्रम करून
सहा आसनांचे विमान सिद्ध केले.

२०१६ च्या फेब्रुवारीत ते प्रदर्शनात मांडले गेले;
परंतु सरकारदप्तरी त्याची नोंद होण्यास
२०१७ चा नोव्हेंबर उजाडला.

हा विलंब क्लेशदायक खरा;
तथापि नोंदीपूर्वी विमानाच्या तपासणीचा आग्रह रास्तच होय.

विमान बांधावे लागते,
आणि बांधल्यावर त्याची निगा राखावी लागते.

प्रत्येक उड्डाणापूर्वी
टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून
त्यात पाणी उतरले नाही ना, हे पाहावे लागते;
रिव्हेट सैल झाले नाहीत ना,
सुकाणूच्या तारा झिजल्या नाहीत ना,
हे स्वहस्ते चाचपावे लागते;
आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची
नोंदवहीत बिनचूक नोंद ठेवावी लागते.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो,
बांधणीइतकीच निगा महत्त्वाची,
आणि निगेइतकेच हवेचे भान.

आपल्या नागपुरी वैशाखात हवा तापून विरळ होते,
पंखांना उचल कमी मिळते,
इंजिनाचा जोर घटतो,
आणि सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर
विमानाला अधिक अंतर धावावे लागते.

अशा दिवसांत लहान विमान सकाळी लवकर,
हलक्या भारानिशी उडवणेच इष्ट.