अंगरखा कुणाचा?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला मुलांच्या नाटकाबद्दल बोलायला सांगितलंय. आपली गावं महाड-पोलादपूरकडची. एका अंगाला रायगड, दुसऱ्या अंगाला प्रतापगड आणि मध्ये तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ. तेव्हा जिल्हा कुलाबा. रायगड हे नाव 1981 साली आलं. अशा मुलखात शाळेचं गॅदरिंग म्हणजे सिंहगडची लढाई ठरलेलीच. फळीच्या तलवारीला चंदेरी कागद, कोळशाची मिशी, आईच्या लुगड्याचा शेला आणि वर गॅसबत्ती.

माझे वडील 1950 नंतरच्या सालांत तिकडच्या एका शाळेत होते. त्यांचा आवाज खडा. गुरुजींनी त्यांना शेलारमामा दिला. भाषण तोंडपाठ झालं. पण अंगरखा यायचा होता गावातल्या एका मोठ्या घरातून. कोण घालणार ते कळलं आणि अंगरखा आलाच नाही. गुरुजी भले माणूस, पण म्हणाले, "तू भाला धरून मागं उभा राहा." बंधूंनो, घटनेनं अस्पृश्यता 1950 सालीच बंद केली होती, तरी कापडाला विटाळ होताच.

आजा मुंबईला गिरणीत. कामगारांना स्वस्तात मिळणारे कापडाचे तुकडे घेऊन तो सुट्टीला आला होता. आजीनं ते जोडून दोन रात्रींत हातशिलाईनं अंगरखा उभा केला. पुढचा रंग एक, पाठीचा दुसरा! अंबाडीच्या वाखाची दाढी लावली. शेलारमामा उभा राहिला आणि बोलला. टाळ्या पडल्या, हे वडील सांगायचे. पण आजीला बाहेर अंगणाच्या कडेला बसूनच ते पाहावं लागलं, हे मात्र ते फार उशिरा बोलले.

कपड्याचं महत्त्व बाबासाहेबांनी ओळखलं होतं. डिसेंबर 1927 च्या महाडच्या परिषदेच्या वेळी, मनुस्मृती जाळली त्याच दिवसांत, त्यांनी आपल्या बायांना सांगितलं की लुगडं नेसायची जुनी तऱ्हा सोडा, जातीची खूण सांगणारे दागिने टाका. काहींना वाटतं ही किरकोळ बाब. मला नाही वाटत. पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीसांनी 'युगयात्रा' नाटक लिहिलं, 1955 साली ते बाबासाहेबांसमोर झालं. म्हणजे नाटक आपल्या चळवळीला परकं नाही.

आता आपल्या घरचं बोलतो, राग मानू नका. बुद्धजयंतीच्या नाटकात सिद्धार्थ कोण? गोरा मुलगा! यशोधरा कोण? जिच्या आईवडिलांनी भाड्याच्या ड्रेसचे पैसे भरले ती! आणि सावळं, गरीब घरचं पोर कुठे? भाला धरून मागं उभं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्या पोरांना मागं उभं करायला आता बाहेरचा कुणी लागत नाही.

म्हणून कमिटीपुढे दोन गोष्टी ठेवतो. भूमिका वाचून घेऊन द्याव्यात, जो बोलेल त्याला. आणि पोशाख विहारातच शिवावेत, भाड्यानं एकही आणू नये. दोन घरांतून शिलाई मशीन कबूल झालंय. जुन्या साड्या, चादरी येत्या रविवारी वंदनेनंतर आणून द्या. काज-बटणांना अजून दोन-तीन हात लागतील, भगिनींनी आणि पुरुषांनीसुद्धा नावं द्यावीत.

जय भीम. नमो बुद्धाय.