पदक आणि पाटी

नंदुरबारच्या बंधुभगिनींनो,

ता. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनियो नदीवर मराठा पलटणीचा शिपाई नामदेव जाधव याने दोन जखमी सोबती खोल पाण्यातून व सुरुंगांतून वाहून आणले. मग हात जायबंदी असता हातबाँब फेकून शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या. नगर जिल्ह्यातील निमज गावच्या या वीरास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

शौर्य ही कोणा एका कुळाची मिरास नव्हे. ज्या भिल्लांस लुटारू म्हणून हिणविले, त्यांचीच पलटण १८२५ साली आपल्या खानदेशात उभी राहिली.

हिंमत आपणांत आहे, उणीव अक्षरांची. २०११ च्या खानेसुमारीत साक्षरतेत आपला जिल्हा राज्यात सर्वांमागे होता. पदकाची सनद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावी लागली, तर तो मान अर्धाच! शिपायास फेटा जरूर बांधा. पण पोरीबाळींस शाळेत घाला, एवढेच आमचे मागणे.