वाळवंटातील अस्तमान

मुंबईच्या चौपाटीवर बसलेल्या मनुष्याला सूर्यास्त फुकट दिसतो. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या चढून जाणाऱ्यालाही तो फुकटच. असे असूनही दिवाळीची सुटी लागली की इकडील कित्येक कुटुंबे थेट जैसलमेर गाठतात, तेथून पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरांवर असलेल्या सम या गावी जातात, आणि घरच्या महिन्याच्या किराण्याला लागावी एवढी रक्कम एका रात्रीकरिता मोजून तंबूत मुक्काम करतात. कशाकरिता, असे विचारले तर उत्तर मिळते, वाळूत सूर्य मावळताना पाहावयाचा आहे! घरातील वडीलधाऱ्यांना हा निव्वळ उधळेपणा वाटतो. तो तसा आहे किंवा कसे, हे ठरविण्यापूर्वी तेथे पाहावयास काय मिळते आणि मंडळी त्यातील किती पाहतात, याचा हिशेब मांडलेला बरा.

तंबू हा शब्द येथे फसवा आहे. वरचे कापड तेवढे तंबूचे. आत पक्की फरशी, गालिचे, शिसवी घाटाचे पलंग, नळाला गरम पाणी, थंड हवेचे यंत्र, आणि कोठे कोठे अंगणात पोहण्याचा हौदसुद्धा. चार वाजता चहा आणि भजी येतात. मग उंट येतात. उंट उठताना प्रथम मागचा भाग वर करतो, त्यामुळे नवखा स्वार पुढे कोसळण्याच्या बेतात येतो व सर्व मंडळी हसतात. साडेपाचच्या सुमारास वाळूच्या लांबलचक धारेवर माणसांची ओळ लागलेली असते, सर्वांची तोंडे पश्चिमेला आणि सर्वांच्या हातांत मोबाइल. सूर्य बुडतो, टाळ्या पडतात, आणि पाच मिनिटांत धार ओस पडते. कारण सात वाजता छावणीत नाच-गाण्याचा कार्यक्रम असतो आणि पुढच्या रांगेतील गाद्या लवकर जाणारास मिळतात.

म्हणजे या मंडळींनी पाहिले किती? सूर्यबिंबाची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून वरची कड नाहीशी होईपर्यंत तेथे सुमारे अडीच मिनिटे लागतात. तेवढीच काय ती कमाई! त्यातही गंमत अशी की, ही अडीच मिनिटे जे बिंब दिसते ते त्या जागी नसतेच. वातावरणातून येताना प्रकाशकिरण वाकतो आणि क्षितिजालगतचे बिंब जवळजवळ आपल्या स्वतःच्या व्यासाएवढे वर उचललेले भासते. खालची कड वाळूला टेकली असे दिसते, त्या क्षणी खरा सूर्य संपूर्ण क्षितिजाखाली गेलेला असतो. टाळ्या पडतात त्या गेलेल्या पाहुण्याच्या सावलीला.

वाळवंटाचे खरे वैभव या अडीच मिनिटांच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. भर दुपारी समच्या टेकड्या पांढुरक्या व सपाट दिसतात. ऊन कलू लागले की त्याच टेकड्यांना जणू अंग येते. वाऱ्याने वाळूवर उमटविलेली प्रत्येक वळी आपली सावली टाकते. ज्या बाजूने वारा येतो ती चढण सौम्य आणि पलीकडची उतरण एकदम तीव्र, हे शिकविल्याशिवाय डोळ्यांना कळते. सकाळपासून कोणकोण येथून गेले तेही उमटते. भुंगेऱ्याची बारीक टाक्यांची शिवण, सरड्याच्या शेपटीची रेघ, रात्री येऊन गेलेल्या खोकडाची पावले, सारे एका ओळीत वाचता येते. हे वाचन सूर्याकडे पाठ करूनही होते. किंबहुना तसेच ते अधिक चांगले होते. मात्र ज्या धारेवरून दहा जीपगाड्या गेलेल्या असतात तेथे चाकांखेरीज काहीही वाचावयास उरत नाही.

रंगाविषयीही बहुतेकांची समजूत चुकीची असते. वाळवंट म्हटले की आकाश रक्तासारखे लाल व्हावे, अशी अपेक्षा घेऊन लोक येतात. हवेचे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून क्षितिजाजवळून लांबचा प्रवास करून येणारे किरण तांबडे उरतात. याची उपपत्ती लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली मांडली. परंतु वाळवंटातील जाड धूळ सर्वच रंग जवळजवळ सारखे विखुरते. म्हणून मे महिन्यात, पारा ४० अंशांच्या वर आणि आंधीची धूळ हवेत असताना, सूर्य कल्हई उडालेल्या ताटलीसारखा होतो आणि कित्येकदा क्षितिजाला न टेकताच धुळीत विरून जातो. उत्तम रंग हिवाळ्यातील स्वच्छ हवेत दिसतात, आणि त्यातही आकाशात उंचावर पिंजलेल्या कापसासारखे चार ढग असतील त्या दिवशी.

आणि सूर्य गेल्यानंतरचे काय? अशा वेळी छावणीत मागे राहिलेली एखादी आजीच खरी भाग्यवान ठरते. गुडघ्यांमुळे तिला उंटावर बसवत नाही, टेकडी चढवत नाही. सुना-नातवंडे पश्चिमेला गेली, तिची खुर्ची मात्र कोणी नकळत पूर्वेकडे तोंड करून मांडलेली. तिला तिकडच्या क्षितिजावर एक निळसर जांभळा पट्टा हळूहळू वर चढताना दिसतो, आणि त्याच्या माथ्यावर गुलाबी किनार. ही पृथ्वीची स्वतःची सावली. समुद्रकाठच्या दमट हवेत आणि शहराच्या इमारतींत ती सहसा नजरेस पडत नाही; येथे क्षितिज मोकळे असल्याने ती सहज दिसते. पंधरा-वीस मिनिटांत किनार पुसते, सावली रात्रीत मिसळते. आलिशान छावणीचे समर्थन करावयाचे असेल तर ते या खुर्चीपुरते करावे. जिला हे दृश्य एरवी जन्मात दिसले नसते, तिला त्या खर्चाने ते दाखविले.

परंतु हिशेबाची दुसरी बाजू पाण्याची आहे. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. येथील लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगणातील टाके, उथळ बेऱ्या आणि बांध घातलेली खडीने यांच्या आधाराने दिवस काढले. १९५८ साली ज्याचे काम सुरू झाले आणि पुढे १९८५ साली ज्याला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, तो कालवा पंजाबात सतलज-बियासच्या संगमाशी, हरिके येथे उगम पावतो. त्याचा मुख्य प्रवाह सुमारे ६५० किलोमीटर लांब आहे. वाळवंटात येणारे हे पाणी असे हिमालयाकडून येते. पाहुणा स्नानाचा टब एकदा भरतो तेव्हा सुमारे दीडशे लिटर पाणी जाते. सूर्यास्ताला पाणी लागत नाही, टबाला लागते, एवढा भेद कोणी ध्यानात ठेवला तरी पुष्कळ.

उजेड आणि गोंगाट ही तशीच उधळण. समच्या परिसरातच ३,१६२ चौरस किलोमीटरांचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे आणि माळढोक पक्ष्याचे जे थोडे आश्रय उरले त्यांपैकी हे प्रमुख. सोलापूरजवळच्या नान्नजला याच पक्ष्याकरिता अभयारण्य केले, तरी तेथे तो दुर्मिळ झाला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा प्रदेशात रात्री अकरापर्यंत ध्वनिक्षेपकावर सिनेमातील गाणी वाजवणे याला आतिथ्य म्हणवत नाही. विशेषतः जेव्हा त्याच गावांतील मांगणियार गवई दाराशी बसलेले असतात. पिढीजात यजमानांच्या घरी जन्म-लग्नाची गाणी गाणारे हे लोक. त्यांचा कमायचा गजाने वाजतो आणि त्याचा जाड, घुमणारा सूर ऐकावयास ध्वनिक्षेपकाची गरज पडत नाही. शांतता मात्र लागते.

काही छावण्यांत, मागणी केली तर, जेवणापूर्वी तासभर बाहेरचे दिवे मालवतात. मागणी मात्र करावी लागते. तेवढ्या अंधारात पश्चिमेकडची शेवटची पिवळट रेघ दिसते, तारे उगवत नाहीत तर एकदम असतातच असे वाटते, आणि गारठा पडू लागतो. कोरडी हवा उष्णता धरून ठेवीत नाही, जानेवारीत तर पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. वरची वाळू बोटाला थंड लागते. मात्र वीतभर खाली दुपारचे ऊन अद्याप असते. टेकडीवरून परतलेली नातवंडे पुढच्या गाद्यांकडे धावत असतात, आणि आजी चपला काढून दोन्ही पाय त्या उबेत पुरून बसलेली असते.