परक्या देशातील घर : लाफ्काडिओ हर्न यांचे जपानमधील दिवस
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



परदेशी राहणाऱ्या माणसांचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग नोकरीपुरता त्या देशात असतो. आपली वस्ती, आपले जेवण, आपला क्लब आणि आपली भाषा तो बरोबरच घेऊन आलेला असतो. दुसरा वर्ग अगदी लहान. ही माणसे त्या गावच्या माणसांत घर करतात, तेथील हवापाण्याची आणि सणावारांची सवय लावून घेतात आणि पुढे परत जाण्याचा विचारच सोडून देतात. लाफ्काडिओ हर्न हे या दुसऱ्या वर्गातील लेखक होत. जपानमध्ये त्यांना कोइझुमी याकुमो या नावाने ओळखतात.

हर्न यांचा जन्म २७ जून १८५० रोजी ग्रीक द्वीपसमूहातील लेफ्कादा बेटावर झाला. आई ग्रीक, तर वडील ब्रिटिश सैन्यातील आयरिश डॉक्टर. दोन वर्षांच्या मुलाला डब्लिनला आणले गेले. थोड्याच काळात आई मायदेशी निघून गेली. वडिलांनी दुसरा विवाह केला आणि ते हिंदुस्थानात नोकरीवर गेले. मुलगा वाढला तो वडिलांच्या मावशीकडे. सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना त्यांचा डावा डोळा गेला. उजवाही अधूच होता. एकोणिसाव्या वर्षी जवळजवळ रिकाम्या हाताने ते अमेरिकेला गेले. सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्स येथे त्यांनी वृत्तपत्रांत काम केले, नंतर सुमारे दोन वर्षे मार्टिनिक बेटावर काढली. ४ एप्रिल १८९० रोजी ते एका अमेरिकन मासिकासाठी लिहिण्याच्या निमित्ताने योकोहामा बंदरात उतरले, तेव्हा चाळिशीला आले होते. स्वतःचे म्हणावे असे घर त्यांना तोवर लाभलेले नव्हते.

मासिकाशी त्यांचे लवकरच बिनसले. टोकिओतील प्राध्यापक चेंबरलेन यांच्या शिफारशीने त्यांना मात्सुए या गावी शाळेत इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. पगार दरमहा शंभर येन. पश्चिम किनाऱ्यानजीक शिंजी सरोवराच्या काठी वसलेले हे जुने संस्थानी गाव आगगाडीपासून दूर होते. ऑगस्ट १८९० च्या अखेरीस हर्न तेथे पोहोचले. भाषा येत नव्हती आणि दृष्टी अधू होती, त्यामुळे त्यांनी हे गाव प्रथम कानांनी ओळखले. त्यांनी केलेले मात्सुएच्या पहाटेचे वर्णन प्रसिद्ध आहे. तांदूळ कांडणाऱ्याच्या मुसळाचा जमिनीतून येणारा ठोका, मंदिराची घंटा, फेरीवाल्यांच्या आरोळ्या, उगवत्या सूर्याला वंदन करताना लोकांनी वाजवलेल्या टाळ्या आणि पुलावरून जाणाऱ्या लाकडी पादत्राणांचा खडखडाट, या आवाजांनी ते वर्णन भरलेले आहे.

पहिलाच हिवाळा कडाक्याचा निघाला आणि हर्न आजारी पडले. १८९१ च्या आरंभी कोइझुमी सेत्सु ही तेवीस वर्षांची तरुणी त्यांचे घर सांभाळण्यासाठी आली. ती सामुराई घराण्यातील होती. मेइजी राजवट आल्यावर अशी अनेक घराणी वृत्ती बंद होऊन दारिद्र्यात लोटली गेली, त्यांपैकीच हे एक. तिचा पहिला विवाह मोडलेला होता आणि विणकाम करून ती घराला हातभार लावीत असे. पुढे ही दोघे पतिपत्नी झाली. उन्हाळ्यात त्यांनी किल्ल्यानजीक, तिन्ही बाजूंनी बाग असलेले एक सामुराई घर भाड्याने घेतले. शाळेतून परतल्यावर किमोनो घालून चटईवर बसावे, लांब नळीची चिलीम ओढावी आणि बागेतील बेडूक, फुलपाखरे, कीटक यांच्याकडे पाहत राहावे, असा हर्न यांचा नित्यक्रम होता. हे घर आजही जतन केलेले आहे. हर्न त्यात राहिले मात्र जेमतेम सहा महिने. नोव्हेंबर १८९१ मध्ये दुप्पट पगारावर ते कुमामोतोला गेले. सेत्सुबाईंच्या वडीलधाऱ्या मंडळींचा भारही त्यांनी उचलला होता, हे या बदलामागचे एक मोठे कारण.

या घरात बोलले काय जात होते? सेत्सुबाईंना इंग्रजी येत नव्हते आणि हर्न यांना जपानी लिपी नीट वाचता येत नव्हती. तेव्हा दोघांनी आपली एक बोली तयार केली. शब्द जपानी, पण क्रियापदे न चालवलेली, प्रत्यय गाळलेले आणि वाक्यरचना हर्न यांच्या सोयीची. घरात तिला ‘हर्नसाहेबांची बोली’ म्हणत. बाजारात एक भाषा आणि माजघरात दुसरी, हा अनुभव ज्या मराठी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या प्रांतात संसार केला त्यांना नवा नाही. हर्न यांच्या माजघरातली बोली मात्र त्या दोघांखेरीज जगात कोणाचीच नव्हती.

हर्न यांचे उत्तरकालीन साहित्य याच बोलीतून जन्मले. सेत्सुबाई जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून कथासंग्रह शोधून आणीत आणि स्वतः वाचून काढीत. रात्री दिवा मंद करून त्या भुताखेतांच्या गोष्टी सांगत. पुस्तक हातात धरून वाचलेले हर्न यांना चालत नसे. गोष्ट त्यांच्या स्वतःच्या शब्दांत, त्यांच्या स्वतःच्या समजुतीने यावी, असा त्यांचा आग्रह असे. पात्राने ते शब्द कोणत्या स्वरात उच्चारले असतील, रात्र कशी असेल, असे ते खोदून विचारीत. ‘क्वाइदान’ हा १९०४ चा सुप्रसिद्ध संग्रह असा घडला. मुखपृष्ठावर नाव एकट्या हर्न यांचे आहे. सेत्सुबाईंनी पुढे लिहिलेल्या आठवणी वाचल्या म्हणजे मात्र त्या केवळ लेखकाची पत्नी नव्हत्या, त्या पुस्तकांच्या सहनिर्मात्या होत्या, हे मान्य करावे लागते. परक्या देशात जाणाऱ्याला ज्ञान मिळते ते बहुधा अशाच कोणा घरच्या माणसाकडून. पण प्रवासवर्णनांत त्याचा उल्लेख सहसा येत नाही.

हर्न यांनी जपानमध्ये प्रवासही पुष्कळ केला. सप्टेंबर १८९० मध्ये त्यांनी इझुमोच्या प्राचीन देवस्थानाचे दर्शन घेतले. १८९२ साली ते सेत्सुबाईंसह ओकी बेटांवर गेले, तर १८९७ साली फुजी पर्वत चढले. त्याच वर्षापासून यायझु या कोळ्यांच्या गावी एका मासेविक्रेत्याच्या घरी माडीवर उन्हाळा घालवण्याचा त्यांचा परिपाठ पडला. मुलांना समुद्रात पोहायला शिकवावे आणि घरी राहिलेल्या पत्नीला सोप्या काताकाना लिपीत पत्रे लिहावीत, असे ते दिवस होते.

त्यांनी किनाऱ्यावरील एका गावकऱ्याची कथा लिहिली. समुद्राची प्रचंड लाट येताना पाहून तो टेकडीवरील आपल्या भाताच्या गंज्या पेटवतो. आग विझवायला गाव वर धावते आणि वाचते. १८५४ साली हामागुची गोर्यो यांनी जे केले त्यावर ही कथा आधारलेली आहे. ‘त्सुनामी’ हा शब्द इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्यात तिचा मोठा वाटा होता. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला तोही याच घटनेच्या स्मरणार्थ. मूळ घटना थोडी वेगळी आहे. हामागुची तेव्हा तरुण होते आणि अंधारात लोकांना वाट दिसावी म्हणून त्यांनी पेंढा पेटवला होता. हर्न यांनी त्यांना टेकडीवरचा वृद्ध केले. ऐकीव गोष्टीवर विसंबणाऱ्या लेखकाची ताकद आणि मर्यादा दोन्ही येथे दिसतात.

१८९३ साली थोरला मुलगा काझुओ जन्मला आणि एक व्यावहारिक पेच उभा राहिला. परकीय माणसाच्या मृत्यूनंतर त्याची मिळकत जपानी पत्नीला आणि मुलांना मिळेल याची खात्री नव्हती. तिने ब्रिटिश प्रजाजन व्हावे, तर तिचा आपल्या देशावरचा हक्क जाणार. हर्न यांनी तिसरा मार्ग पत्करला. १८९६ साली ते पत्नीच्या घराण्याच्या नोंदीत दाखल होऊन जपानी नागरिक झाले. कोइझुमी हे आडनाव सेत्सुबाईंचे आणि याकुमो, म्हणजे ‘आठ ढग’, हे इझुमो प्रांताचे जुने काव्यविशेषण. त्या काळी असा निर्णय घेणारा पाश्चात्त्य विरळाच.

त्याच वर्षी ते टोकिओच्या शाही विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवू लागले. ते सावकाश बोलत आणि विद्यार्थी शब्दन्‌शब्द टिपून घेत. त्या वह्यांवरूनच ही व्याख्याने त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली. घरी कागदाला डोळा भिडवता यावा म्हणून त्यांनी मुद्दाम उंच मेज करवून घेतले होते. काझुओला ते रोज स्वतः इंग्रजी शिकवीत. जुन्या वर्तमानपत्रांवर मोठ्या अक्षरांत धडे लिहून देत. १९०३ साली विद्यापीठाची नोकरी संपली. विद्यार्थ्यांनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. त्यांच्या जागी आलेल्यांत पुढे थोर कादंबरीकार ठरलेले नात्सुमे सोसेकी होते. २६ सप्टेंबर १९०४ रोजी टोकिओत हर्न यांचे निधन झाले.

हर्न यांनी जपानचे चित्र गुलाबी रंगवले असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. जुना जपान सरत असताना त्यांना तोच अधिक प्रिय होता. परंतु त्यांना स्वतःच्या मर्यादेची जाणीव होती. अखेरच्या ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी एका जपानी मित्राचे मत नमूद केले आहे. आपल्याला हे लोक मुळीच कळलेले नाहीत असे आणखी चारपाच वर्षांनी वाटू लागेल, तेव्हा ते थोडेसे कळू लागले असे समजावे, असा त्याचा आशय. चौदा वर्षे राहून, नागरिक होऊन आणि चार मुलांचा पिता होऊनही हर्न यांनी हे मत खोडून काढले नाही.

शताब्दी साजरी करणाऱ्या ग्रंथालयात एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १९२३ च्या भीषण भूकंपातून हर्न यांचा ग्रंथसंग्रह वाचला. पण तो टोकिओत सुरक्षित राहील का, ही चिंता सेत्सुबाईंना लागून राहिली. त्याच सुमारास तोयामा येथे नवे विद्यालय निघत होते. एका दानशूर स्त्रीच्या देणगीतून त्या विद्यालयाने सुमारे २४०० ग्रंथांचा हा संग्रह घेतला. आज तो तोयामा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. हर्न कधीही तोयामात राहिले नव्हते. आयुष्यभर घर शोधणाऱ्या माणसाच्या पुस्तकांना कायमचे घर मिळाले, ते त्यांच्या पत्नीच्या दूरदृष्टीमुळे आणि एका परक्या गावाच्या औदार्यामुळे. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांतही अशा किती घराण्यांची पुस्तके आली असतील आणि ती जपण्यासाठी कोणाकोणाचे हात लागले असतील, याचा विचार सभासदांनी या शताब्दीच्या निमित्ताने अवश्य करावा.