पावतीवर नाव कुणाचं?



मुखत्यारी आणि भागीदारीचा कायदा म्हणजे मुंबईच्या पेढ्यांचा विषय, असा एक समज आहे. मला तो पटत नाही. केळापूर तालुक्यातला कापूस वेचणीपासून गाठीपर्यंत जातो तो दलाल, अडत्या, खरेदी केंद्र नाहीतर भागीदारीतली जिनिंग यांच्यापैकी कुणाच्या तरी हातून. बाजाराला कायद्याचा लगाम घालण्यातही आपलं वऱ्हाड पुढे होतं. कारंज्याचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला, १८९७ मध्ये साऱ्या वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मुंबई प्रांताला कापूस बाजाराचा कायदा करायला १९२७ साल उजाडलं.

आता बाजाराबाहेर, गावातच होणारी खेडा खरेदी घ्या. दिवाळीच्या तोंडावर गाडी गावात येते, काटा टांगला जातो, कापूस मोजून भरला जातो. शेतकऱ्याच्या हातात पडते ती वहीतून फाडलेली चिठ्ठी. वर वजन आणि भाव, खाली सही. फर्मचं नाव नाही, शिक्का नाही. चुकारा आठ दिवसांनी. आठाचे साठ होतात, शेतकरी व्यापाऱ्याच्या दारात जातो, आणि व्यापारी म्हणतो, ‘तो आमचा माणूस नव्हे.’

शेतकरी इथेच खचतो. खरं तर १८७२ च्या करार कायद्याचं दहावं प्रकरण इथून पुढे बोलायला लागतं. मुखत्यार नेमायला लेखी कागद लागतोच असं नाही. कलम १८५ प्रमाणे मोबदलाही लागत नाही. गेल्या हंगामात याच माणसाच्या चिठ्ठीवर या व्यापाऱ्याने पैसे चुकते केले असतील, बारदाना त्याचा असेल, कापूस त्याच्याच जिनात उतरला असेल, तर आपल्या वागण्याने त्याने गावाला जो विश्वास दिला तो कलम २३७ खाली त्याला बांधतो. मालकाचं नाव सांगितलंच नसेल, तर कलम २३० चिठ्ठी देणाऱ्यालाच बांधील धरून चालतं. आणि मुखत्यार असा स्वतः बांधील असला की कलम २३३ नुसार शेतकरी त्याला, मालकाला किंवा दोघांनाही धरू शकतो. अडचण पुराव्याची असते. ती चिठ्ठी बहुधा सदऱ्याच्या खिशात धुतली गेलेली असते.

अडत्यांबद्दल थोडं सविस्तर बोलतो, ते रागावणार नाहीत अशी आशा आहे. कच्ची अडत आणि पक्की अडत हा भेद व्यापाऱ्यांनी केला, न्यायालयांनी तो नंतर मानला. पक्की अडत म्हणजे काय, याचा निकाल १९१८ मध्ये थेट प्रिव्ही कौन्सिलने भगवानदास परसराम विरुद्ध बर्जोरजी या खटल्यात दिला. कच्चा अडत्या आपल्या गिऱ्हाइकाचा प्रतिनिधी, बस्स. पक्का अडत्या सौदा पुरा होण्याची हमी स्वतः घेतो आणि हवा तर माल स्वतःच ठेवूनही घेतो. आयकर खात्याच्या १७ मार्च १९८६ च्या ४५२ क्रमांकाच्या परिपत्रकानेही हाच भेद धरला: कच्च्याची उलाढाल म्हणजे फक्त अडत (कमिशन), पक्क्याची म्हणजे मालाची सगळी विक्री. पण शेतकऱ्याची तूर विकायला घेणारा अडत्या त्याचा प्रतिनिधीच आहे. ती तूर त्याने न सांगता आपल्याच दुसऱ्या फर्मच्या नावाने घेतली आणि चढ्या भावाने विकली, तर करार कायद्याच्या कलम २१६ नुसार तो नफा शेतकऱ्याने मागावा. हा दावा मी फारसा कुणी लावलेला पाहिला नाही. दोष शेतकऱ्याचा नाही, आपण वकिलांनी त्याला सांगितलंच नाही.

सरकारी खरेदीतही हीच साखळी. १९७१ च्या कायद्याने एकाधिकार कापूस खरेदी आली तेव्हा खरेदीदार राज्य सरकार होतं आणि पणन महासंघ त्याचा मुखत्यार. पुढे काही हंगामांत कापूस उत्पादक पणन महासंघाने भारतीय कापूस महामंडळाचा, म्हणजे सीसीआयचा, सब-एजंट म्हणून हमीभावाने कापूस घेतला. करार कायद्याचं कलम १९२ सांगतं की रीतसर नेमलेल्या उपमुखत्याराच्या कृतीने मूळ मालक बांधला जातो. म्हणून चुकारा अडला की ‘वरून पैसे आले नाहीत’ हे उत्तर केंद्रावरच्या बाबूची हतबलता सांगतं, मालकाची सुटका करत नाही.

भागीदारीचं सूत्र १९३२ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे: प्रत्येक भागीदार फर्मचा मुखत्यार. त्याला जोडून कलम २५ वाचा, कारण फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रही बांधील आणि एकटाही. कर वाचवायला भागीदारीपत्रात सून, भावजय, आई यांची नावं घालणाऱ्या कर सल्लागारांना माझं कळकळीचं सांगणं आहे, सही घेण्याआधी हे कलम त्या बाईंना मराठीत वाचून दाखवा. त्यांचं स्वतःचं शेतही त्या सहीत अडकतं. फर्म सोडणाऱ्यानेही जाहीर नोटीस दिल्याशिवाय सुटलो असं समजू नये.

नोंदणी न केलेली फर्म बाहेरच्यावर कराराच्या वसुलीचा दावा लावू शकत नाही, हे कलम ६९ व्यापाऱ्यांना पाठ असतं. त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही: तशा फर्मवर शेतकरी मात्र खुशाल दावा लावू शकतो. महाराष्ट्राने १९८४ मध्ये आणखी पुढे जाऊन नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदारांचा विसर्जनाचा आणि हिशेबाचा दावाही बंद केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. योग्यच केलं. शिक्षा बेफिकिरीला असावी, आपल्याच पैशांचा हिशेब मागणाऱ्याला नसावी.

या सगळ्याची सुरुवात त्या चिठ्ठीपासून होते, म्हणून दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. बाजार समितीच्या आवारात असो की खेडा खरेदीत, प्रत्येक काटापट्टीवर, म्हणजे वजन-भावाच्या पावतीवर, खरेदी कुणासाठी झाली त्या मालकाचं किंवा फर्मचं नाव छापलेलं असावं आणि पट्टी देणाऱ्याची ओळख त्यावर असावी. व्यापारी मित्रांनी त्याला विरोध करू नये आणि वकील मित्रांनी हंगाम सुरू होण्याआधी निदान एक बाजारदिवस आवारात बसून शेतकऱ्यांच्या पट्ट्या मोफत तपासून द्याव्यात, अशी माझी विनंती आहे.