गेटवरची अक्षरं

दोस्तांनो, आयुष्यातला सगळ्यात सुंदर अनुभव सांगा म्हणता. बाकीचे कवी चंद्र काढतील, पाऊस काढतील. आमच्या गोदीत पाऊस म्हणजे भिजलेली गोणी. माझं सुंदर वेगळं, आणि ते तुमच्याच गावात आहे.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंना मारलं. १९७९ ला नागपुरातनं लाँग मार्च निघाला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. साडेपंधरा वर्षं! तेही नामांतर नाही, ‘नामविस्तार’. हा शब्द अजून दाताखाली खड्यासारखा येतो.

मी त्यानंतर जन्मलेला. एका १४ जानेवारीला आजीला गेटवर आणलं. तिला अक्षर येत नाही.
“वाच रं.”
वाचलं.
“अजून एकदा.”
मागनं गर्दी रेटत होती, म्हातारी हलेना.
“ह्यातला ‘बा’ कंचा?”
दाखवला. तिनं हवेत बोटानं गिरवला. दोनदा.

मग पुस्तकांच्या स्टॉलवर दोन दिवसांची मजुरी उडवली. पिशवी आजीनं हिसकावून घेतली. म्हणाली, “तू रोजच वझं उचलतूस. हे मला दे.”